वैतागवाडी, फीडर सापडत नाही

पोलोग्राउंडच्या तक्रार कक्षात
माझ्या शेजारच्या खुर्चीवर भेरूलाल पाटीदार बसतो.
गाव सांवेरकडचं, कान तिखट.
फोन खाली ठेवताना मी काय पुटपुटतो
ते त्यानं महिन्याभरात पाठ केलं,
आणि एका दुपारी विचारलं,
"साब, या वैतागवाडी कां पड़े?
फीडर लिस्ट में तो हे नी."

त्यानं खरंच शोधली होती.
बाणगंगा, भागीरथपुरा, सुखलिया,
एकेका ओळीवरून बोट खाली सरकवत.
मला हसू आलं, ते आवरलं,
कारण वाडी सांगायची तर
आधी वैताग सांगावा लागणार
आणि इकडे चारही लाइनींवर दिवे लुकलुकत होते.

खीज? नाही रे.
खीज म्हणजे चपलेतला खडा, काढला की गेला.
चिढ कुणावर तरी असते,
तिला नाव असतं, घर नंबर असतो.
वैतागाला समोर माणूस लागत नाही.
जुन्या मीटरसारखा असतो तो,
सगळी बटणं बंद करून झोपलास तरी
चकती आपली हळूहळू फिरते.

"तो फिर झुंझलाहट," तो म्हणाला.
जवळ आलास. पण ती फार लांबलचक,
तोंडातून निघेपर्यंत निम्मी उतरते.
हा बघ कसा, वै-ता-ग,
शेवटचा ग दार आपटल्यासारखा.

मग व्याकरण. पुल्लिंगी.
वैताग येतो. आणता येतो.
दुसऱ्याला देता येतो, ते तर फारच सोपं.
माणूस वैतागतो, वैतागून जातो,
आणि या 'जातो'पाशी मी अडखळलो.
जातो कुठे?

रामबागेतल्या ग्रंथालयात एक जाड कोश आहे,
पाठ निखळलेला, सुतळीनं बांधलेला.
त्यात कधीतरी पाहिलं होतं:
वैताग घेणे म्हणजे उबगून घरदार सोडणे,
अंगाला राख फासून चालू लागणे.
तेही सांगितलं त्याला, जरा मास्तरकी करत,
कचोरीचा कागद चुरगाळत.
"अच्छा," म्हणाला,
आणि परदेशीपुऱ्याचा फ्यूज कॉल घेतला.

मे महिन्यातला मंगळवार.
वावटळीनं दोन ट्रान्सफॉर्मर गेलेले,
अकरा तास अर्धं शहर घामात,
लोक आईपासून सुरुवात करत होते.
एक बाई दर दहा मिनिटांनी फोन करून सांगायची
की तिच्याकडे लाइट आहे,
पण पंखा आवाज करतो.
भेरूलालनं सगळ्यांना 'जी' म्हटलं.
चार वाजता हेडफोन काढला,
वायरीची घडी घातली,
ड्रॉवरला कुलूप लावून उठला.

चहाला गेला असेल, म्हटलं.

बुधवारी नाही.
गुरुवारी त्याचा मुलगा आला, हातात हेल्मेट,
मला विचारतो, पापा कां हे?
मला काय ठाऊक?
मी फक्त शब्द सांगितला होता.

शनिवारी आला. नाक सोललेलं,
पायात कुणाच्या तरी चपला.
नेमावरला होता म्हणे, नर्मदेच्या काठी.
काय केलंस तिथं?
"कईं नी, साब. पाणी देख्यो."

मेमो निघाला. कारणाच्या रकान्यात
त्यानं गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं: वैताग लिया था.
जैन साहेबांनी मला आत बोलावलं.
पंडितजी, ये आपकी मराठी है क्या?

सव्वीस वर्षं हा शब्द वापरतोय मी,
रोज, कधीकधी दिवसातून चाळीसदा,
आणि वैतागून फार तर गेलोय
गेटबाहेरच्या पोह्यांच्या गाडीपर्यंत.
तेही डबा टेबलावर ठेवून.
"तबीयत," मी म्हणालो.
"हमारे में तबीयत को बोलते हैं, सर."

परत आलो तर माझ्या रजिस्टरवर
खोबऱ्याचा तुकडा, वर्तमानपत्राच्या कपट्यात.
थोडी वाळू होती, दाताखाली करकरली.
तो कुणाला तरी 'जी, जी' म्हणत होता.
माझी दोन नंबरची लाइन लुकलुकायला लागली.
पंख्याचीच असणार.